सुईची तारीख

थंडी पडली आणि फुलांना पूर आला. काल संध्याकाळपर्यंत बादामकच्या वावरांत इथं एक तिथं एक अशी फुलं डोकावत होती, आणि आज पहाटे पाहावं तर माती दिसेना. केशराची खोडच तशी. वर्षभर जमिनीखाली गुमान पडून राहायचं, आणि वर यायचं तेव्हा माणसाला श्वास घ्यायला फुरसत द्यायची नाही. ऊन चढायच्या आत खुडलं तर खुडलं. नाहीतर फूल उघडतं, मान टाकतं, आणि मग त्यातल्या लाल काड्यांना ना वास राहतो ना भाव.

तूबा सरीत वाकली होती. डाव्या हातात टोपली, उजव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरायचा, खालून तोडायचा, पुढं सरकायचं. लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून दर सुगीला ती हेच करत आली होती, आणि हाताला आता सांगावं लागत नव्हतं. यंदा मात्र पोट आड येत होतं. चौथा महिना लागला होता. चव्वेचाळीसाव्या वर्षी पोट लपत नाही, पहिल्यापासूनच पुढं येतं. गुडघे टेकले तर दंव सलवारीतून आत शिरायचं, नाही टेकले तर कंबरेत कळ यायची. थोडा वेळ असं, थोडा वेळ तसं करत ती पुढं चालली होती.

"मागं राहिलीस गं!" पलीकडच्या सरीतून सोगरा ओरडली. सोगरा शेजारीण. सावडीनं कामाला यायची, आणि येताना हातांबरोबर जीभही घेऊन यायची. "मश्दीनं म्हातारपणी पेरणी केली, तीही अशी की ऐन सुगीत बायको वाकायची बंद!"

बायका हसल्या. तूबाही हसली. न हसून सांगते कुणाला? नवरा बरातअली मशहदची यात्रा करून आलेला, म्हणून सगळ्यांचा मश्दी. तो बांधावर मोटारसायकलला फुलांची गाठोडी बांधत होता. त्याच्याही कानावर गेलं असणार, पण त्यानं मान खाली घालून दोरी आणखी आवळली. हसण्यासारखं होतंच म्हणा. लेक आतियेची प्रसूती परवा परवा झाली. तिच्या बाळंतपणाला जायचं, तर आईच पोट घेऊन बसलेली. सुरुवातीला तूबाला वाटलं होतं की पाळी जायचं वय झालं. मोहरममधल्या आशुरेच्या दिवशी अखेरची आली होती. त्या दिवशी मशिदीत पाऊल टाकता येत नव्हतं म्हणून ती बाहेर अंगणात नवसाच्या भाताची पातेली घासत बसली होती, आणि ते अख्ख्या गावानं पाहिलं होतं. त्यामुळं तिचे महिने मोजायला तिची गरजच नव्हती. गावच मोजत होतं.

ऊन डोंगरावर आलं तेव्हा बांधावर फरीबा दिसली. गावच्या आरोग्यघरात तीच एकटी. सुई टोचणं, वजन करणं, सगळं तिच्याकडे.

"तूबाखाला, काम आटोपलं की जरा येऊन जा."

एवढंच म्हणाली. पण सगळ्या सऱ्यांतल्या माना वर झाल्या.

आरोग्यघरात फरीबानं दार ओढून घेतलं आणि हीटर तूबाकडे सरकवला. तूबानं हात पुढं धरले. बोटं पिवळीजर्द झाली होती.

"रक्ताचं कळलं, खाला. वय आहे म्हणून धोका वर येणार हे मला माहीत होतं. पण हा जरा जास्तच वर आलाय."

"म्हणजे माहगोलसारखं?"

माहगोल म्हणजे तूबाची नणंद. बत्तीस वर्षांची झाली होती, पण अजून लहान मुलीसारखी. तिरके डोळे, आखूड बोटं, जिभेवर न मावणारे शब्द. गावात सगळ्यांना ठाऊक होती.

"असेलच असं नाही. असू शकतं. नक्की कळायचं तर मशहदला जाऊन सुईनं पोटातलं पाणी काढतात, ते तपासतात."

"तू काय म्हणतेस?"

"मी काही म्हणायचं नाही, असा वरून हुकूम आहे. तू विचारलंस तर उत्तर द्यायचं."

"मग विचारते. बाळाला काही होतं का त्या सुईनं?"

"क्वचित. एखादीचं पोट सांडतं."

"आणि तसंच निघालं तर?"

"तर चार महिने भरायच्या आत पोट पाडायच्या परवानगीचा कागद होऊ शकतो. चार भरले की जीव येतो म्हणतात. मग डॉक्टर हात लावत नाही, कायदा लावू देत नाही, मशिदीतले हाजआगाही नाही." फरीबानं आवाज खाली आणला. "सुईचं कळायलाही दिवस लागतात, खाला. म्हणून आत्ताच गेलं पाहिजे. शनिवारची तारीख मिळतेय. व्हॅन सांगून ठेवू?"

"शनिवारी तर फुलं जोरात असतील."

"असतील. आणि परत आल्यावरही काही दिवस पडून राहायचं. वाकायचं नाही, उचलायचं नाही."

तूबाला हसू आलं. वाकायचं नाही म्हणे! बादामकमध्ये सुगीत न वाकणारं माणूस एक तर कबरीत असतं नाहीतर तेहरानला.

"घे तारीख," ती म्हणाली. उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

घरी फुलांच्या खोलीत चादरीवर जांभळा ढीग पडला होता आणि भोवती बायका मांडी घालून बसल्या होत्या. फूल उचलायचं, नखानं फाडायचं, तीन लाल काड्या बशीत, पाकळ्या मागं. पुन्हा फूल. त्या खोलीत वासानं डोकं हलकं होतं, माणूस उगाच हसतं. माहगोल तर सकाळपासून हसत होती. तिच्या बशीत लाल काड्यांबरोबर पिवळे तंतूही पडायचे, आणि रोज काम संपल्यावर तूबा ती बशी गुपचूप पुन्हा निवडायची.

कोपऱ्यात अंगीठीपाशी सासू सनोबरबीबी बसली होती. पंच्याहत्तरीची, हात थरथरायला लागलेले, पण चाळणीवर काड्या वाळत घालायचं काम तिनं कुणाला दिलं नव्हतं.

"मशहदला कशाला जायचंय?" तिनं वर न बघता विचारलं.

घ्या! तूबा चालत आली आणि बातमी धावत आली होती.

"तपासायला, बीबी."

"काय तपासायचंय? आतियेच्या वेळी तपासलं होतं? यूनुसच्या वेळी?"

"तेव्हा माझं वय एवढं नव्हतं."

"माझं होतं की. माहगोल झाली तेव्हा मी त्रेचाळीसची होते. कुणी सुई नाही खुपसली." बीबीनं चाळणी बाजूला ठेवली. "काय समजता गं तुम्ही? पोट म्हणजे वावर आहे? नको ते दिसलं की उपटलं? ही माझी पोर खुदानं दिली. हिच्यासारखं नको, म्हणून मशहदला निघालीस. हिच्या तोंडावर सांग की."

माहगोलला आपलं नाव ऐकू आलं. ती तूबाकडे बघून हसली आणि बशी पुढं केली. "तूबा, बघ! पुष्कळ!"

इतकी वर्षं गिळलेलं एक वाक्य तूबाच्या तोंडून एकदम बाहेर पडलं.

"बीबी, जन्म तुम्ही दिलात. मोठी मी केली."

म्हणून झाल्यावर तिला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटली. पण खोटं काय होतं त्यात? ती या घरात आली तेव्हा माहगोल नऊ वर्षांची होती आणि अंथरूण ओलं करायची. तिला न्हाऊ घालणं, घास भरवणं, आणि पुढं महिन्याच्या महिन्याला तिचे कपडे धुणं हे सगळं कुणी ठरवलं नव्हतं. नवी सून आली, तिच्या हातात पडलं, आणि राहिलं. बीबी पोरीचे मुके घ्यायची, गावभर सांगायची की माझ्या घरात फरिश्ता आहे. फरिश्त्याचे केस विंचरताना तो चावतो, हे फक्त तूबाच्या मनगटाला ठाऊक होतं.

"बोललीस," बीबी एवढंच म्हणाली आणि तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

पाकळ्या मेंढ्यांना टाकायला तूबा मागच्या अंगणात गेली तेव्हा सोगरा तिच्यामागं आली.

"ऐक. मशहद नको, सुई नको. घरात एवढं केशर पडलंय. पोट नको असलं की आपल्या आज्या काय उकळून प्यायच्या, माहिताय ना तुला?"

"तोंड सांभाळ, सोगरा."

"मी काही बोललेच नाही बाई," सोगरा म्हणाली आणि मोकळी टोपली घेऊन आत गेली. तूबा तिथंच उभी राहिली. पिवळ्या बोटांचा वास नाकाशी आला तसे तिनं हात पाठीमागं घेतले, मग हौदावर जाऊन राख घेऊन घासघासून धुतले. रंग गेला नाही.

तिला मूल नको होतं का? हवं होतं का? खरं सांगायचं तर हे तिला कुणी विचारलंच नव्हतं आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की मूल शाळेत जायच्या वयाचं होईल तेव्हा आपण पन्नाशी ओलांडलेली असू. ते बत्तीस वर्षांचं होईल तेव्हा आपण कबरीत नाहीतर अंगीठीपाशी. माहगोलला तूबा मिळाली. या पोटातल्याला कोण मिळणार? मुलाची, यूनुसची, अजून न आलेली बायको? कुणाच्या तरी परक्या पोरीच्या हातात असंच गुपचूप ठेवून द्यायचं?

गुरुवारी दुपारी जेवताना बरातनं तोंड उघडलं. कुरुताच्या, वाळवलेल्या दह्याच्या कालवणात भाकरी कुस्करत तो म्हणाला, "घरात दोन तट नकोत. मी हाजआगांकडून इस्तिखारा काढून आणतो. कुराण सांगेल ते."

बरात वाईट माणूस नव्हता. त्यानं कधी हात उगारला नाही, कधी ताट भिरकावलं नाही. पण आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की त्याला नेमकं पाणी सोडायला जायचं असायचं.

"काढा," तूबा म्हणाली. बीबीनंही मान हलवली. खुदाच्या शब्दापुढं कोण बोलणार?

इस्तिखारा म्हणजे काय, तर आपण मनात एखादी गोष्ट करायची नियत धरायची, हाजआगा डोळे मिटून कुराण उघडणार, आयत बघणार आणि चांगलं की वाईट ते सांगणार. काय विचारलं ते त्यांना सांगायचं नसतं आणि तेही विचारत नाहीत. आणि एकदा उत्तर आलं की त्याच गोष्टीसाठी पुन्हा कुराण उघडायचं नसतं.

बरात नमाजाहून परतला. दारातच बूट काढत, वर न बघता म्हणाला, "वाईट आलं."

"अल्हम्दुलिल्लाह," बीबी म्हणाली.

तूबा फूल फाडत होती. तिचा हात थांबला आणि परत चालू लागला. खोटं कशाला बोला, क्षणभर तिला हायसंही वाटलं. आपल्याला ठरवायचं नाही, ठरलं. पण तो क्षण गेला, आणि मग छातीवर कुणीतरी कणगीचं झाकण ठेवावं तसं झालं.

शनिवारी फुलांनी कहर केला. दोन वावरांची फुलं खोलीत मावेनात म्हणून ओसरीवरही चादर टाकली. सकाळी, खुडणी आटोपून बायका नुकत्या बसल्या होत्या तेव्हा गल्लीत व्हॅनचा भोंगा वाजला. फरीबानं सांगून ठेवलेली व्हॅन. रद्द करायला कुणी गेलंच नव्हतं. जो तो समजला, दुसऱ्यानं सांगितलं असेल.

भोंगा पुन्हा वाजला. बीबीनं तूबाकडे पाहिलं. सोगरानं पाहिलं. बरात ओसरीवर गाठोडं सोडत होता, त्यानं पाहिलं नाही. तूबानं एक फूल उचललं, फाडलं, तीन काड्या बशीत टाकल्या. दुसरं उचललं. बाहेर व्हॅन वळली, तिची चाकं खडीवर करकरली आणि आवाज उताराला लागला.

"कोण आलं होतं?" माहगोलनं विचारलं.

"कुणी नाही," तूबा म्हणाली.

पुढचे दिवस कसे गेले ते तिला कळलं नाही. पहाटे वावर, दिवसभर खोली. कंबर धरायची तेव्हा ती उंबऱ्यावर पाठ टेकून दोन मिनिटं पडायची आणि परत उठायची. मग फुलं ओसरली. एका सकाळी वावरात टोपलीही भरेना आणि सऱ्यांमध्ये पानांची हिरवी पाती दिसायला लागली.

सुगी संपत आली की पहिल्या वाळलेल्या केशरातली चिमूट मशिदीच्या भातासाठी द्यायची, ही घराची चाल. तूबा ती पुडी घेऊन हाजआगांच्या दाराशी गेली. म्हातारे अंगणात ऊन खात बसले होते.

"ये तूबाबानू. जाऊन आलात ना? सगळं ठीक?"

"कुठं, हाजआगा?"

"ते मला काय माहीत? मी विचारलं नाही. मश्दीला म्हटलं, वाईट आलंय, मनात धरलंयस ते करू नकोस. तर उठता उठता त्याच्याच तोंडून निघालं की बायकोचा प्रवास आहे, तिनं घरीच राहावं अशी नियत केली होती. म्हटलं मग राहण्यात भलं नाही, पाठव तिला. म्हणून विचारतोय."

तूबानं पुडी त्यांच्या शेजारी ओट्यावर ठेवली. हात रिकामे झाले, आणि त्या हातांचं काय करावं ते तिला सुचेना.

"नाही गेले," ती म्हणाली.

म्हाताऱ्यांनी चष्मा वर केला.

तिथून ती तडक आरोग्यघरात गेली. फरीबा एका पोराला लस टोचत होती. ते पोर रडत बाहेर गेल्यावर तूबा म्हणाली, "आता तारीख मिळेल?"

फरीबानं फोन लावला, बराच वेळ बोलली, बोटांवर मोजलं, परत बोलली. फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"मिळते, खाला. सुई लावतील. पण कळेल तोवर चार महिने उलटून गेलेले असतील."

"म्हणजे कळेल, पण करायचं काही उरणार नाही."

"हो."

"मग ते कळलेलं मी कुठं ठेवू, फरीबा?"

फरीबानं चहा ओतला. तूबानं तो प्यायला, कारण समोर होता, आणि उठली. "नको तारीख," दारातून ती म्हणाली.

घरी अखेरची फुलं चालू होती. खोलीत बीबी, सोगरा, माहगोल, आणि आज वावरात काम नसल्यामुळं बरातही बायकांत बसला होता, मोठ्या जाड बोटांनी फुलं फाडत. तूबा अंगावर ओढलेली चादर न काढता उभीच राहिली.

"मश्दी, नियत काय धरली होती?"

बरातच्या हातातलं फूल तसंच राहिलं.

"कसली?"

"कसली ते तुम्हाला ठाऊक आहे. कुराणासमोर काय धरलं होतं मनात?"

सोगरा उठायला लागली. "बस," तूबा म्हणाली. "गावाला पोटातलं सगळं माहीत आहे, हेही कळू दे."

बरातनं आईकडे पाहिलं, मग चादरीकडे. "तू घरीच राहावंस, अशी."

"आणि आलं काय?"

"वाईट."

"म्हणजे घरी राहणं वाईट."

"तूबा, फुलांचा पूर होता. बीबी तशी अडून बसलेली. तू पडून राहिली असतीस तर वावर कुणी..." त्यानं फूल खाली ठेवलं. "मी खोटं काही बोललो नाही."

"खरं तरी कुठं बोललात!"

अंगीठीत लाकूड फुटलं. बीबीचा चेहरा पांढरा पडला होता. तिलाही हे ठाऊक नव्हतं, ते दिसतच होतं. पोराच्या तोंडून ऐकलेल्या खुदाच्या शब्दाला ती अल्हम्दुलिल्लाह म्हणून मोकळी झाली होती.

"अजून वेळ असेल," म्हातारी म्हणाली. "जा. आज जा. मी काही म्हणत नाही."

"वेळ गेली, बीबी. आत्ताच विचारून आले."

बीबीनं चाळणीवरून हात फिरवला, उगाच, काड्या वाळलेल्याच होत्या. बोलली तेव्हा तिचा तो नेहमीचा ठसका कुठं नव्हता. "तू निघालीस ना सुईला, तेव्हा मला भीतीच बसली. म्हटलं, जिला असलं पोर पोटात नको, ती माझ्यामागं माझ्या माहगोलला घरात ठेवील कशाला? मला त्या पोटाचं काही नव्हतं गं. मला हिचं होतं."

"इतक्या वर्षांत मी हिला एकदा तरी टाकलं?"

"म्हणून तर भीती. दुसरं कोण आहे?"

तूबा खाली बसली. रडू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"तुम्हाला मी तरी आहे, बीबी," ती म्हणाली. "मला कोण आहे?"

माहगोलला एवढंच कळलं की तूबाचं काहीतरी दुखतंय. ती बशी सोडून सरकत सरकत आली आणि तूबाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. सकाळपासून तिचे केस विंचरायचे राहिले होते. त्यांत पाकळ्या अडकल्या होत्या.

तूबानं दोन पाकळ्या काढल्या. तिसरीला हात थांबला. तिनं कोनाड्यातली फणी घेतली आणि बरातच्या पुढ्यात, फुलांच्या ढिगावर टाकली.

"विंचरा."

"काय?"

"तिचे केस. बहीण आहे ना तुमची? न्हाऊ तुम्ही घालू शकत नाही, ते मी घालीन. पण केस, घास, बूट, ओलं अंथरूण उन्हात टाकणं, आजपासून तुम्ही. आणि पुढं जे येईल त्याचंही. ते कसं येईल ते आता कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही ठरवलंत मी घरी राहायचं. आता घरचं करा."

"बायकांसमोर?" बरात पुटपुटला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"व्हॅन गेली ती बायकांसमोरच गेली."

बरातनं आईकडे पाहिलं. तिनं डोळे ओढणीनं पुसले आणि या वेळी मध्ये पडली नाही. सोगरासुद्धा, आयुष्यात पहिल्यांदा, काही बोलली नाही. बरातनं फणी उचलली. गुडघ्यांवर सरकत तो बहिणीच्या मागं गेला. पन्नास वर्षांचा गडी, नांगर, कुदळ, मोटारसायकल सगळं चालवणारा, आणि फणी कुठून धरायची ते त्याला कळेना. पहिल्याच ओढीला माहगोल किंचाळली.

"तू नको! तूबा!"

"तूबाला काम आहे," बरात म्हणाला. "मी करतो. थांब जरा. थांब, बाळ."

माहगोलनं मान वळवली आणि त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्यानं हात मागं घेतला, दातांचे वळ बघितले, मग तूबाच्या मनगटांकडे बघितलं. जणू आजच दिसली ती.

"टोकाकडून सुरुवात करा," तूबा म्हणाली. "मुळापासून ओढलं की चावते."

तिच्या पोटात, खोल, काहीतरी हललं. पाण्यात बोट फिरवावं इतकंच. कितवा महिना, काय, तिनं मोजलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. बशी पुढं ओढली आणि उरलेली फुलं निवडायला घेतली.